काकासाहेबांच्या मापाची खाट

गावी आल्यापासून शीतल एका जागी बसली नव्हती. समाचाराला येणाऱ्या बाया म्हणायच्या, जरा टेक की बाई. ती टेकायची, पाय पुढं घ्यायची, मागं घ्यायची, नाहीतर एक पाय सारखा हलवत राहायची आणि शेवटी उठून ओसरीच्या खांबाला पाठ लावून उभी राहायची.

निरोप आला तेव्हा टोरोंटोहून मिळेल ते तिकीट तिनं घेतलं होतं. मधली सीट वाट्याला आली. पाच फूट अकरा इंच उंचीची बाई, आणि पुढच्या माणसानं विमान सुटल्यावर थोड्याच वेळात सीट मागं टाकलेली. गुडघे तिरपे करायचे तर शेजारच्या म्हाताऱ्याला लागत होते. सरळ ठेवायचे तर पुढच्या पाठीत रुतत होते. पर्समध्ये पुस्तक होतं, ते काढायला वाकताही आलं नाही. बाप गेल्याचं दुःख करायलासुद्धा माणसाला जरा जागा लागते, हे तिला त्या प्रवासात कळलं. घनसावंगीला एसटीतून उतरून जीपनं गावात पोचली, तोवर सावडणंही होऊन गेलं होतं.

तिचे वडील काकासाहेब, तिचे नाना, तिच्याहून उंच होते. ती घरी आली की ते तिला पाठीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर हात आडवा धरायचे आणि समाधानानं म्हणायचे, "आजूक चार बोटं कमी." शीतलनं पस्तिशी ओलांडली तरी हे चालू होतं. गावात त्यांच्या मापाचं काही मिळत नसे. खाट तर कधी मिळालीच नाही. जन्मभर ते खाली दोन गाद्या जोडून निजले.

आयुष्यात एकदाच ते विमानात बसले, शीतलच्या आईला, पुष्पाबाईंना, घेऊन लेकीकडं गेले तेव्हा. शीतलनं त्यांच्यासाठी मुद्दाम संकटकाळच्या दारापाशी असलेली, पुढं भरपूर जागा असलेली सीट धरली होती. तिथं दोन सीटा एकत्र मिळाल्या नाहीत, म्हणून पुष्पाबाई पुष्कळ मागं बसल्या. काकासाहेबांनी पाय लांब सोडले, वहाणाही काढल्या. मग विमानातल्या मुलीनं येऊन हिंदीत विचारलं की, काही संकट आलं तर तुम्ही हे दार उघडून लोकांना बाहेर काढायला मदत कराल ना? सगळे तिथं मान डोलावतात. काकासाहेबांनी नीट विचार केला आणि सांगितलं की, माझी बायको मागं बसलीय, आधी तिला काढीन, मंग बाकीच्यांचं पाहीन. मुलगी हसली, पण तिनं त्यांना उठवलं. मागं एका खिडकीशी कोंबून बसवलं. बाकीचा सगळा प्रवास ते विमानाच्या शेपटाकडं, पडद्यापाशी उभे राहिले.

हा किस्सा ते पारावर पुन्हा पुन्हा सांगायचे. पुष्पाबाई पदर तोंडाला लावायच्या. शेवटी काकासाहेबांचं एक वाक्य ठरलेलं असे, "आता मेल्यावरच पाय लांब करायचे, बाबा."

त्या वाक्यानं आता शीतलची पाठ धरली होती.

त्यांच्या घराण्यात तेराव्याला शेज देतात. खाट, गादी, उशी, छत्री, वहाणा, सगळं नवं, मयताच्या भाच्याला. गेलेल्याचा पुढचा प्रवास लांबचा असतो आणि ही शेज त्याला वाटेत मिळते, असं मानतात. शीतलचा यावर विश्वास नव्हता. मरणाबद्दल देशोदेशीच्या माणसांनी काय काय मानलंय, हे तिनं पुष्कळ वाचलं होतं, आणि त्यातलं काहीच या दिवसांत उपयोगी पडलं नव्हतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा चुलतभाऊ भुजंग जालन्याहून टेम्पोत खाट घेऊन आला. लोखंडी, तयार, दोन्ही टोकांना उभे नळ असलेली. त्यानं ती अंगणात मांडली, हातानं ठोकून दाखवली. शीतल खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली.

"भुजंग, ही त्यांना पुरत नाही."

"कुणाला?"

"नानांना."

भुजंगनं तिच्याकडं पाहिलं, मग खाटेकडं. तो वाईट माणूस नव्हता. तिरडीचे बांबू आखूड आणले म्हणून त्यानंच माणसं परत पाठवली होती, आणि हे त्यानं शीतलला दोनदा सांगितलं होतं. पण खाटेचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "ताई, सगळे हीच देऊन राह्यलेत आता," तो म्हणाला. "आन् निजणार भारत हाय. त्याचे तर पाय बी लोंबत न्हाईत."

ओसरीवरून आत्या म्हणाली की, माझ्या लेकाची उंची काढू नको. भारत तिचा मुलगा, म्हणजे काकासाहेबांचा भाचा. त्याचं डोकं काकासाहेबांच्या छातीशी लागायचं. ती पुढं म्हणाली की, शेज ती शेज, देवाघरी मापं कोणी घेत नाही.

शीतलला वाद घालायचा नव्हता. विश्वास नसलेल्या माणसानं कोणत्या तोंडानं घालायचा? पण तिला ते उभे नळ दिसत होते. त्या नळांत गुडघे मुडपून, तिरपा होऊन, रस्ताभर अवघडलेला आपला बाप दिसत होता. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि तशीच पुढं कारभारी सुताराकडं गेली.

कारभारीकडं बाभळीचं लाकूड तयार होतं. खाट विणायची नवार भुजंगनं आणायची ठरली. सकाळपर्यंत खाट होईल, पण माप द्या, असं त्यानं अंगणात येऊन म्हटल्यावर जो तो अंदाज सांगू लागला. भुजंग म्हणाला, सहा फूट तर बराबर असतील. आत्या म्हणाली, साडेसहाला कमी नसंल माझा भाऊ. कारभारीनं दोन लांब दांडे जमिनीवर समोरासमोर ठेवले, पेन्सिल कानावरून काढली आणि वाट पाहू लागला.

शीतल पुढं झाली. दोन दांड्यांच्या मधे बसली, आणि मातीत उताणी आडवी झाली.

"माझ्याहून चार बोटं जास्त धर," ती म्हणाली.

आत्या उठून उभी राहिली. "मयताच्या शेजंत जित्या माणसानं निजू न्हाई. उठ आगुदर."

"निजू द्या तिला, वन्सं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराच्या चौकटीत पुष्पाबाई उभ्या होत्या. इतके दिवस त्या आतल्या खोलीतला कोपरा सोडून बाहेर आल्या नव्हत्या, आणि तेराव्याच्या आधी त्यांनी अंगणात येण्याची रीतही नव्हती. त्या भिंतीला धरत पायरी उतरल्या. शीतलच्या पायांशी येऊन हळू मातीत बसल्या.

"पाय सोड," त्या म्हणाल्या. "पुरते सोड."

शीतलनं पाय सोडले. निरोप आल्यापासून पहिल्यांदा तिचे पाय मोकळे लांब झाले. टाचांपुढं काहीच नव्हतं. वर लिंबाची फांदी होती आणि पांढरं आभाळ.

पुष्पाबाईंनी तिच्या तळव्यांना टेकवून आपली चार बोटं मातीवर आडवी ठेवली. कारभारीनं तिथं दांड्यावर रेघ मारली.

"आजूक वीतभर ठेवा," पुष्पाबाई म्हणाल्या.

कारभारी म्हणाला की, काकी, माप तर झालं.

"झालं. पण त्यांची एक जागा माझ्यामुळं गेल्ती," पुष्पाबाई म्हणाल्या. मग बोटं तशीच ठेवून, "आन् त्यांना पाय हलवायची सवय होती. निजले तरी हलत राह्यचे."

आत्या पुन्हा खाली बसली. भुजंगनं लोखंडी खाट उभी करून भिंतीला लावली.

शीतलचा उजवा पाय हलायला लागला होता. तिच्या ध्यानात नव्हतं. पुष्पाबाईंच्या बोटांना तो परत परत लागत होता. त्यांनी हात काढला नाही.

"हे बघा, असे हलायचे," त्या कारभारीला म्हणाल्या.

कारभारीनं पाहिलं, आणि रेघ वीतभर पुढं नेली.