ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन, एक तास चाळीस मिनिटं

ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन. साडेनऊशे किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. दोन्ही नॉर्वेत, पार वरच्या टोकाला, जिथे आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही. मला हे पाठ आहे, कारण एकवीस सालच्या एप्रिलमध्ये माझा नवरा अंबरीश रोज हेच विमान उडवत होता. हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खुर्चीत बसून, कॉम्प्युटरवर.

लॉकडाऊनमध्ये लोक घरी ब्रेड भाजायला शिकले. ह्याने विमानाचा खेळ आणला. खऱ्या विमानाला लागतो तेवढाच वेळ उडवायचं म्हणे, मध्ये सोडलं तर ऑनलाइन ग्रुपमधले खेळगडी नावं ठेवतात. खोलीत चिप्सचा चुरा, अंगात तीन दिवसांचा टी-शर्ट, सगळीकडे कुबट वास. शी! मी नाक दाबूनच आत जायची.

त्या शनिवारी दुपारी सांगलीहून संध्या सिस्टरांचा व्हिडिओ कॉल आला. माझे सासरे तिथे कोविड वॉर्डात होते.

"ताई, व्हेंटिलेटरवर घेतोय त्यांना. पाच मिनिटं आहेत. मुलाशी बोलायचं म्हणतायत."

मी फोन छातीशी दाबून धावले. "अंबरीश, ऊठ! बाबांचा फोन!"

"बावीस मिनिटांत लँड होतोय. मग बोलतो."

"अरे, नळी घालतायत त्यांना! नंतर बोलता येणार नाही!"

"मंजू, प्लीज. आत्ता नाही सोडता येत."

मी पडद्याकडे बघितलं. खाली नुसता समुद्र. विमान ऑटोपायलटवर आपोआप चाललं होतं आणि ह्याचे दोन्ही हात मांडीवर. काडीचं काम नव्हतं मेल्याला! घाबरला होता, ते कळत होतं मला. मीही घाबरलेच होते. पण बापाला तोंड दाखवायची हिंमत नाही आणि वर विमानाचं निमित्त? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर येऊन मी फोन समोर धरला. मास्कमधून बाबांचा आवाज जेमतेम येत होता.

"अंबू?"

"ऑफिसची मीटिंग चाललीय, बाबा. संपेलच आता." बिनदिक्कत बोलले मी.

"असू दे. बोलावू नकोस." त्यांना धाप लागली. "साहेब रागावतील त्याचे."

एवढं बोलून ते चक्क हसले. मग सिस्टरांनी फोन घेतला.

अंबरीश बाहेर आला तो हेडफोन गळ्यात अडकवूनच. "हं, लाव बाबांना."

"नळी घातली."

तो मटकन सोफ्यावर बसला. गळ्यातला हेडफोन काढत म्हणाला, "काही बोलले?"

काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. बारा वर्षं तेच करत आले होते. त्या दिवशी नाही केलं.

"तू मीटिंगमध्ये आहेस असं सांगितलं मी. तर म्हणाले, बोलावू नकोस, साहेब रागावतील."

तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. "मला ओढून का नाही नेलंस गं?"

म्हणजे हेही माझ्याच माथी! त्याच्या पाठीवर ठेवायला मी हात पुढे केला होता. तो तसाच मागे घेतला. ठेववेचना.