चीरूला कुणी बुडवलं

चीरूचं पुस्तक मी चार वेळा ऐकलं आणि वाचलं एकदाच. वाचलं तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते, डावं मनगट वाकडं बसलेलं होतं आणि नवरा मरून सहा वर्षं झाली होती. म्हणजे त्या पुस्तकाचा मला काही उपयोग होण्याची वेळ केव्हाच टळली होती.

आमच्या कण्णूरकडे विड्यांच्या शेडमध्ये एक वाचणारा असतो. बाकीचे मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि तो मधल्या बाकावर बसून मोठ्यानं वाचतो. सकाळी पेपर, जेवणानंतर कादंबरी. त्याच्या वाटच्या विड्या सगळे मिळून वळून देतात. आमच्या शेडचा वाचणारा माझा बाप होता, कोरन. त्याचा आवाज लागला की तंबाखूच्या धुळीनं छाती भरलेली माणसंसुद्धा खोकला गिळायची. दुसरीतून शाळा सोडून मी तिथं पानं कातरायला बसले. माझ्यासारख्या आणखी सात-आठ पोरी होत्या, सगळ्या तिथल्याच कामगारांच्या. शाळा का सोडवली म्हणून विचारलं, तर बाप म्हणायचा, "इथं बसून ऐकशील तेवढं कुठला मास्तर शिकवणार आहे?" खोटं नव्हतं ते. नऊ वर्षांची असताना रशियात राजाला कसा घालवला ते मी सांगू शकत होते. स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

चीरू आमची सगळ्यांची. त्या पुस्तकाचा पहिला धडा शाळेतही होता, शाळेतली पोरं तेवढाच घोकायची; आम्हाला अख्खी चीरू मिळाली. काथ्या वळणाऱ्या बापाची पोर. तोंडाळ, झाडावर चढणारी, बापाला फाडकन उत्तर देणारी. आम्ही पोरी तिच्यासारखं चालायचो, तिच्यासारख्या थुंकायचोसुद्धा. शेवटी बाप तिचं लग्न ठरवतो आणि ती पहाटे नावाड्याबरोबर नदी ओलांडायला निघते. मग माझा बाप आवाज खाली आणून वाचायचा: मधल्या धारेत होडी उलटली. तिसऱ्या दिवशी चीरू लव्हाळ्यात अडकलेली सापडली, तोंडात चिखल. तिचा बाप काठावर ऊर बडवत होता, पोरी, माझं ऐकलं असतंस तर.

कात्र्या थांबायच्या. चारही वेळा मी रडले. पुढं कुणी चीरूचं नाव काढलं तरी मी उठून जायचे. तिचं मरण पुन्हा ऐकवत नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी बालननं मला विचारलं. आमच्याच शेडमध्ये विड्या वळायचा. मोर्चात माझा बाप आणि तो एकाच झेंड्याखाली चालायचे, पण त्याच्या घरचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. म्हणाला, "म्हैसूरला काम बघून ठेवलंय. मंगळवारची पहिली बस. येशील ना?" मी बोचकं बांधलं. उंबऱ्यापर्यंत गेले. आणि मला लव्हाळं दिसलं, तोंडातला चिखल दिसला. मी बोचकं सोडलं आणि चूल पेटवली. बालन एकटाच गेला. विषूचा सण झाल्यावर बापानं बघितलेल्या माणसाशी माझं लग्न लागलं. मनगट त्यानं मोडलं. त्याच्यावर याहून जास्त शाई घालवायची माझी इच्छा नाही.

मग साक्षरतेची मोहीम आली. माझ्या निम्म्या वयाची एक पोरगी मला अक्षरं शिकवायला यायची, चुकले की ओशाळायची तीच. वर्षभरात मी पेपर वाचायला लागले. तोवर बापाचे डोळे काचबिंदूनं गेले होते, मी त्याच्याकडं राहायला आले होते आणि त्याला रोज पेपर मीच वाचून दाखवायचे. एक दिवस वाचनालयातून चीरू घेऊन आले. म्हटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी रडून घेऊ.

होडी उलटत नाही.

मी ते पान तीनदा वाचलं, बोट ठेवून. होडी काठाला लागते. चीरू उतरते, लुगडं पिळते आणि चालायला लागते. ती चहाची टपरी घालते. तिला मुलं होतात. नऊ वर्षांनी एक थकलेला म्हातारा बाकावर येऊन बसतो. तो तिला ओळखत नाही, ती ओळखते. पाया पडत नाही, रडत नाही, चहा पुढं ठेवते. चहा पिऊन म्हातारा विचारतो, "कुणाची गं तू?" ती म्हणते, "माझीच." संपलं पुस्तक.

मी वाचनालयात पवित्रन मास्तरांकडं गेले. सेक्रेटरी तेच, मला चेची म्हणायचे, म्हणजे ताई. विचारलं, "मास्तर, हे पुस्तक दोन तऱ्हेनं छापलंय का? एकात ती बुडते?"

"बुडेल कशी, चेची? बुडाली तर म्हाताऱ्याला चहा कोण देणार?" मास्तर हसले. हसता हसता त्यांना कल्पना सुचली. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती, कोरनेट्टनचा, म्हणजे माझ्या बापाचा, सत्कार करायचाच होता. "बापानं आयुष्यभर वाचलं, आता लेक वाचेल. तेही चीरू. लोक बघत राहतील बघा."

घरी बाप म्हणाला, "पहिला धडा वाच. लोकांना आवडतो."

"शेवटचा वाचते."

"शेवटचा लांबडा आहे. अडखळशील."

"अडखळले तर तुम्ही आहातच, अच्छन. तुम्हाला तर पाठ आहे."

मला त्याच्याकडून माफी नको होती. माफीचं काय लोणचं घालू? चार लोकांसमोर त्यानं एवढंच म्हणावं, की शेवट मी बदलला. बास.

दुपारी चारला हॉल भरला. पुढच्या रांगेत शेडमधले म्हातारे, उरलेले अकरा. मी वाचायला लागले. होडी मधल्या धारेत आली तसे म्हातारे पुढं झुकले. मी वाचलं, होडी काठाला लागली. चीरू उतरली.

पुढच्या रांगेतून कुमारन म्हणाला, "मास्तर, ओळी गाळतेय ही."

"नाही गाळत," मी म्हटलं आणि पुढं वाचलं. टपरी. बाक. म्हातारा.

"अगं, ती बुडते ना," दुसरा म्हणाला. "आम्ही काय कमी वेळा ऐकलंय? पोरी, घाई नको करू. एकेक अक्षर लाव."

मागं हशा पिकला. वाईट हशा नव्हता, लहान पोर पडलं की हसतात तसा होता. मी बापाकडं बघितलं. तो खुर्चीत ताठ बसला होता. मान किंचित वाकडी करून सभेला म्हणाला, "वाचायला शिकून वर्षच झालंय हो तिला. सांभाळून घ्या."

मी पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं. म्हटलं, "तुम्ही वाचा." मास्तरांनी पानावर नजर फिरवली. मग अकरा म्हाताऱ्यांकडं बघितलं. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "नारायणीचेचीनं या वयात एवढी हिंमत केली, तिच्यासाठी टाळ्या." टाळ्या पडल्या. बापाच्या खांद्यावर शाल पडली.

बाहेर पडलो. मी त्याचा हात धरून चालत होते. शंभरेक पावलांवर ओढ्याचा मोरीपूल आहे, तिथं आल्यावर म्हटलं, "कुमारनला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत होतं." भरती किती वाजता येते ते सांगावं तसं त्यानं सांगितलं. "तुम्ही पोरी विहिरीवर पानं भिजवायला गेला होतात. मी शेवट आधी वाचून ठेवला होता. शेडच्या सभेपुढं मांडला. कॉम्रेड, म्हटलं, आपल्या पोरी इथं बसतात, हे त्यांच्या कानावर घालायचं का? हात वर करून ठरलं. सत्तावीसपैकी सव्वीस."

"उरलेला कोण?"

"अंबू. मुतायला गेला होता."

"बालन?"

"त्याला तीन बहिणी होत्या. मी चीरूला नुसती घरी परत आणणार होतो. बुडवायची सूचना त्याची."

मला हसू आलं. त्या मंगळवारी बस सुटेपर्यंत स्टँडवर उभा राहून तो काय विचार करत असेल? मी का आले नाही, हे त्याला कळलं असेल का? मी हसत होते आणि बाप विचारत होता, काय झालं, काय झालं.

"परत चला," मी म्हटलं. "माणसं अजून आहेत, चहा चाललाय. शेवट आम्ही बदलला, पोरगी बरोबर वाचत होती, एवढं सांगा आणि या."

"बहुमतानं ठरलं होतं ते."

"मग बहुमताला सांगायला लाज कसली?"

"तीस वर्षांनी? मेलेल्या माणसांची अब्रू काढू?"

"मी मेले नाही, अच्छन."

"तुझं काय वाईट झालं? घर मिळालं, नवरा मिळाला. आता वाचतेयस. आणखी काय पाहिजे?"

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उलटा फिरवला, हॉलकडं तोंड करून उभा केला आणि हात सोडला. "सरळ शंभर पावलं. डावीकडं ओढा आहे, तिकडं जाऊ नका. मी इथं बसलेय."

मी पुलाच्या कठड्यावर बसले. तो उभा राहिला. एक पाऊल टाकलं नाही. "नारायणी," म्हणाला. मी ओ दिली नाही. पुन्हा म्हणाला. हॉलमधून लोक येत होते, त्याच्या बाजूनं जात होते. "कोरनेट्टा, शाल शोभते हो." तो मान हलवायचा. "एकटे कसे?" "लेक आहे बरोबर," तो म्हणायचा आणि लोक माझ्याकडं बघून पुढं जायचे. कुमारन आला, थांबला, आम्हा दोघांना बघितलं आणि खाली मान घालून निघून गेला.

काठीवर भार टाकून बाप हळूहळू रस्त्याच्या कडेला बसला, शालीसकट धुळीत. दिवस कलला. पवित्रन मास्तरांनी हॉलचं दार ओढून घेतलं, कुलूप लावल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. मास्तर सायकलवरून पलीकडच्या वाटेनं गेले.

"आता तिथं कुणी नाही," बाप म्हणाला. "चल, घरी ने."

"उद्या नऊला उघडतात," मी म्हटलं.