लेमारनं बफेलो का सोडलं

माझा भाऊ लेमार पिकेट बफेलो शहराच्या बास्केटबॉल संघात सहा मोसम खेळला. खेळला म्हणण्यापेक्षा बसला. बॉल पुढे नेणारा, खेळ चालवणारा कॉर्लिस ग्रेडी अख्ख्या लीगमध्ये गाजलेला, आणि लेमार त्याचा बदली खेळाडू. कॉर्लिस दमला की लेमारनं उतरायचं, तो ताजातवाना झाला की पुन्हा बाकावर. तरी गावात लाडका कोण, तर लेमार. बेकरीत त्याला कोणी रांगेत उभं राहू द्यायचं नाही.

मी विनी, त्याची मोठी बहीण आणि त्याचे करार ठरवणारी एजंटसुद्धा. जूनअखेर त्याचा करार संपला आणि तो मोकळा झाला. आता त्यानं हव्या त्या संघाशी बोलावं, हवी तिथं सही करावी. बफेलोनं त्याच पगारावर आणखी चार वर्षं देऊ केली, तेव्हा मी निर्धास्त झाले. तेवढ्यात तिकडं वाळवंटातल्या ॲल्बुकर्की संघाच्या, बाका नावाच्या कोचचा फोन आला. त्यांचा संघ लीगच्या तळाशी, पगारही कमी. मी गोड बोलून फोन ठेवला आणि गंमत म्हणून लेमारला सांगितलं.

"मी जातो तिकडं," तो म्हणाला.

"कशाला, फिरायला?"

"खेळायला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पुढच्या वर्षी इथं विजेतेपद येऊ शकतं. तिकडं काय, निवडुंग?"

तो हसला. पुन्हा पुन्हा कारण विचारलं तर म्हणे, तिथली हवा कोरडी आहे, गुडघ्यांना बरी.

शेवटी मी आईच्या कानावर घातलं. आमच्या आईनं, ऑपलनं, जन्मभर शाळेची बस चालवलीय. ती समोरच्या आरशातून नुसती बघायची आणि मागची पोरं चिडीचूप व्हायची. तिनं रविवारी दुपारी लेमारला जेवायला बोलावलं, आणि त्याला न सांगता कॉर्लिसलाही.

कॉर्लिस आला तो हातात फुलं घेऊन. "मिस ऑपल, मासे तळताय ना? वास कोपऱ्यापर्यंत येतोय!"

"बस. आधी याला समजाव, मग मासे."

लेमारनं माझ्याकडं रागानं बघितलं. मी मक्याची पोळी तोडत बसले.

"हे बघ लेम," कॉर्लिसनं सुरू केलं, "पैसे कमी वाटतात का? मी मालकांशी बोलतो."

"पैशाचं काही नाही."

"कोच काही बोलले?"

"नाही रे."

"मग मुलगी आहे," आई म्हणाली. "ॲल्बुकर्कीची मुलगी. विनी, तू लपवतेयस."

"आई! मुलगी असती तर मी स्वतः विमानतळावर सोडलं असतं त्याला!"

सगळे हसले. लेमार मात्र ताटातल्या पालेभाजीत काटा फिरवत राहिला. मग त्यानं काटा खाली ठेवला.

"मे महिन्यातली शेवटची मॅच आठवते, कॉर्लिस? तुझा पाय मुरगळला, तू खाली पडलास."

"आठवते ना! सगळ्यांत आधी तूच उठलास. माझ्याकडं धावायला."

"तुझ्याकडं नाही. मी जॅकेट काढत होतो. तुझ्या जागी उतरायला." "मग तू उठलास, पाय झटकलास, आणि सगळं स्टेडियम ओरडलं. आणि मला... वाईट वाटलं. माझ्या दोस्ताचा पाय वाचला आणि मला वाईट वाटलं! आणखी चार वर्षं तुझ्या पायाकडं बघत बसलो, तर मी कसला माणूस होईन?"

तो इतकी वर्षं हसत हसत बसला होता, आणि आम्ही समजत होतो की बसणं त्याला आवडतं. मी त्याची एजंट, पण हे कधी विचारलंच नव्हतं.

कॉर्लिसनं तोंड पुसलं. "म्हणजे तू माझ्याकडं धावत नव्हतास?"

"नाही."

"आणि मी महिनाभर सगळ्यांना सांगतोय, लेम कसला जिवाभावाचा आहे म्हणून!" तो असा गडगडून हसला की ताटं वाजली. मग उठून त्यानं लेमारचं डोकं काखेत धरलं. "जा, गाढवा. मीही गेलो असतो. मी तर दुसऱ्याच वर्षी गेलो असतो. पण समोर आलास की दया दाखवणार नाही."

आईनं डोळे टिपले आणि माशांची परात मध्ये सरकवली. "विनी, त्या वाळवंटवाल्या कोचला फोन लाव. आधी जेव, मग लाव."

कोच बाकांनी फोनवर एकच वचन दिलं: "चुका करू देत. मी त्याला बाहेर काढणार नाही."

ते त्यांनी पाळलं. लेमारनं चुका भरपूर केल्या. पहिल्या महिन्यात त्यानं पास दिले ते थेट प्रेक्षकांच्या मांडीवर. संघ हरतच होता. इकडं बफेलोत लोक त्याच्या नावानं बोटं मोडत होते. पण फोनवर त्याचा आवाज ऐकावा! "विनी, आज इतका दमलो की बूट काढवेनात!" लॉटरी लागल्यासारखा सांगायचा. नाताळापर्यंत त्यांचा संघ अधूनमधून जिंकायलाही लागला.

जानेवारीत ते बफेलोत खेळायला आले. नाव पुकारताच सगळ्या स्टेडियमनं हुर्यो उडवली. आमच्या मागचा एक जण तर उभाच राहिला. "गद्दार! गद्दार!"

आई वळली आणि त्या बसमधल्या नजरेनं बघितलं. "बाळा, मी त्याची आई. त्याला काय म्हणायचं ते मी म्हणेन. तू खाली बस."

तो बसला. वर स्वतःचे शेंगदाणेही पुढं केले.

कॉर्लिसनं शब्द राखला. लेमारला नाचवलं, पाडलं, उठायला हात दिला आणि पुन्हा पाडलं. पण तिसऱ्या सत्रात लेमारनं त्याच्या हातातून बॉल काढला आणि एकटाच पळत जाऊन बास्केटमध्ये टाकला. तेव्हा ते हुर्यो उडवणारे लोकच नकळत टाळ्या वाजवून गेले, आणि मग एकमेकांकडं ओशाळून बघू लागले. मागचा तो तर शिट्टीच वाजवत होता.

अखेर बफेलो तीन गुणांनी जिंकलं. लेमार बाहेर आला तो दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून, लंगडत.

"हरलास की रे," आई म्हणाली.

"हो!" तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. "भूक लागलीय, आई."