किल्ल्यातला आवाज

१९९७च्या मे महिन्यात खर्ड्याच्या किल्ल्यात भूत शिरल्याची बोंब उठली. शेळ्या राखणाऱ्या गोजरबाईनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते भूत म्हणजे माझी धाकटी बहीण प्रज्ञा, हे फक्त मला ठाऊक होतं.

नगरच्या कॉलेजात ती मेटल बँडमध्ये गायची. गायची म्हणजे पोटातून गुरगुरायची, चवताळलेल्या वळूसारखी. जूनमध्ये पुण्यात त्यांचा पहिला कार्यक्रम होता. घरात सराव करणं शक्यच नव्हतं, म्हणून रोज दुपारी मी तिला किल्ल्यात घेऊन जायचो आणि दरवाज्यात राखण करत बसायचो.

त्या दुपारी दहाबारा माणसं काठ्या घेऊन आली. पुढं हनुमंत पाटील.

"सम्राट, बाजूला हो."

"आत कोणी नाही, पाटील."

तेवढ्यात आतून तो आवाज आला. दोघं जण जागीच थबकले. बाकीचे मला ढकलून आत घुसले.

"आरं, ही तर रंभाजीची पोरगी! धरलंय हिला!" हनुमंतानं तिचं मनगट पकडलं. "बांधा. मांत्रिकाकडं न्यायची."

मी मधे पडलो तर खांद्यावर काठी बसली. प्रज्ञा ओरडत होती, "मला काही झालेलं नाही!" पण घसा सोलला होता. तो घोगरा आवाज ऐकून लोक आणखीच बिथरले. कुणीतरी दोर काढला.

एवढ्यात आई धावत आली. कांद्याच्या रानातून कुणीतरी तिला बोलावून आणलं होतं. हात मातीनं भरलेले.

"काय करत हुतीस गं?"

"गात होते, आई."

लोक हसले. आई हसली नाही.

"मग गा. माझ्यापुढं."

प्रज्ञानं डोळे मिटले. आवाज खोलातून वर आला, दगडाखालून यावा तसा. त्यात दोनच शब्द होते, पुन्हा पुन्हा. "बाहेर काढा."

आमचे वडील रंभाजी विहीर खोदताना दरडीखाली गेले, त्याला आठ वर्षं झाली होती. दोन तास आतून त्यांचा आवाज येत राहिला, मग थांबला. आई तेव्हा काठावर उभी होती. प्रज्ञा तिच्या शेजारी.

आई मटकन खाली बसली. गाणं संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग ती उठली आणि हनुमंतासमोर जाऊन उभी राहिली.

"हिला कुणी धरलेलं न्हाई. हात सोडा."

त्यानं सोडला.

पुण्यात चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी मधेच उठून गेली. तरी त्या वर्षी एक कॅसेट निघाली आणि पोरं ती एकमेकांत कॉपी करत राहिली. दोन वर्षांत प्रज्ञाचा घसा कायमचा बसला. आता ती कुजबुजल्यासारखंच बोलते. डॉक्टरनं गाणं बंद करायला सांगितलं, त्याच आठवड्यात अकोल्याच्या दोन अनोळखी मुलींचं पत्र आलं. हा आवाज पोटातून कसा काढायचा, एवढंच विचारलं होतं.

प्रज्ञानं आठ पानी उत्तर लिहिलं. पाकीट पोस्टात टाकायला आई गेली.