सासूबाईंची वाचा

माझ्या सासूबाईंचं बोलणं वाचवायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. ज्या तोंडाचा पट्टा घडीभर तरी बंद पडावा म्हणून मी लग्न झाल्यापासून देव पाण्यात घालून बसले होते, तेच तोंड चालू राहावं म्हणून ऑपरेशन थिएटरात स्टुलावर बसायची पाळी माझ्यावर आली. दैवाला थट्टा करायला दुसरं कोणी सापडत नाही.

मी वाचा-उपचार करते. अर्धांगाचा झटका येऊन किंवा डोक्याला मार बसून ज्यांचं बोलणं जातं, त्यांना पुन्हा बोलायला शिकवते. सासूबाई माझ्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत मुख्य बाई होत्या, निवृत्त होईपर्यंत. त्यांच्या शिकवण्याची एकच पद्धत. घोका. पुस्तकात जे वाक्य आहे ते तसंच्या तसं आलं पाहिजे, काना-मात्रा इकडचा तिकडे झाला की मुलगी वर्गाबाहेर. त्यांच्या हाताखालून गेलेल्या नर्सेस आजही जखमेची व्याख्या झोपेत म्हणून दाखवतात. जखम बांधता येते की नाही, ते नंतर बघू.

घरातही तोच वर्ग. मी परीक्षार्थी आणि त्या परीक्षक, आणि निकाल आधीच लागलेला.

तर त्यांच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि तीही बोलण्याच्या जागेला खेटून. आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळे मागून 'सुतार' म्हणतात, कारण कवटीला भोक पाडताना ते शीळ घालतात. अशा गाठी पेशंटला जागं ठेवून काढायच्या, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. मेंदूला दुखत नाही. कातडी बधिर करतात, कवटी उघडेपर्यंत गुंगी देतात, मग पेशंटला उठवतात. पेशंट चित्रं बघून नावं सांगत राहतो आणि डॉक्टर बारीक करंटची सळई मेंदूवर टेकवत जातात. सळई टेकल्यावर शब्द अडला की समजायचं, ही जागा बोलण्याची, इथं कापायचं नाही. शब्द आला तर जागा मोकळी, चला पुढे.

"गाठ जितकी जास्त निघेल तितकं चांगलं," डॉक्टर म्हणाले. "पण ऐन वेळी निवड करावी लागली, तर काय करू? बाई, तुम्हीच सांगा."

"गाठ राहिली तर राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "वाचा जाणार असेल तर मला त्या टेबलावरून उठवूच नका. मुकी होऊन हिच्या हातचं जेवायचं मला जमणार नाही."

ही म्हणजे मी. मी शेजारीच उभी होते.

घरच्या माणसाला थिएटरात घेत नाहीत, आणि मलाही जायचं नव्हतं. पण सासूबाई अडून बसल्या. "दुसरी कोणी नको. हिच्याशी बोलताना मला कधी शब्द कमी पडलेला नाही." डॉक्टर हसले. मी हसले नाही. त्या संशोधनात सगळ्या पेशंटना तीच चित्रं, त्याच क्रमानं दाखवायची, असा डॉक्टरांचा नियम होता. क्रम बदलत जावा, असं मी त्यांना पूर्वी एकदा सांगितलं होतं. "तुम्ही बोलण्याचं बघा, संशोधनाचं मी बघतो," असं उत्तर मिळालं होतं. मग मीही मूग गिळून बसले.

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाई कुशीवर, डोकं चिमट्यात घट्ट धरलेलं. हिरव्या कापडाचा तंबू केलेला, त्यात त्यांचा चेहरा आणि समोर मी, मांडीवर टॅबलेट घेऊन. इतक्या जवळून आम्ही एकमेकींकडे कधी पाहिलं नव्हतं.

"पावडर जास्त झालीये तुझी," त्यांनी गुंगीतून उठल्या उठल्या सांगितलं.

"पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे," मी कापडापलीकडे कळवलं.

चित्रं सुरू झाली. ही कात्री आहे. हा घोडा आहे. ही खुर्ची आहे. पलीकडून डॉक्टर सळई टेकवताना "आता" म्हणायचे, आणि इकडे सासूबाई खडाखड उत्तर द्यायच्या. अडखळणं नाही, विचार करणं नाही. चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीचा भाव.

"वा, बाई," डॉक्टर म्हणाले. "इथं बोलण्याची जागाच दिसत नाही. मी आणखी आत जातो."

तेवढ्यात टॅबलेट अडकला. कपाच्या चित्रावर जो थांबला तो हलेना. मी बोट घासतेय, दाबतेय, आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ही छत्री आहे."

समोर कप होता. छत्री कपाच्या नंतर येते.

बाई चित्रं बघतच नव्हत्या. त्यांनी सगळा क्रम पाठ केला होता. आणि पाठ केलेलं निराळ्याच वाटेनं बाहेर येतं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे. ज्याला समोरच्या पाण्याच्या ग्लासचं नाव सुचत नाही, तो माणूस एक ते शंभर आकडे बिनचूक म्हणतो. म्हणजे आतापर्यंत डॉक्टरांनी 'मोकळी' म्हणून धरलेल्या एकाही जागेचा भरवसा नव्हता.

"डॉक्टर, कापू नका," मी म्हणाले. "यांनी चित्रं पाठ केली आहेत."

पलीकडे शीळ थांबली. "हे तुम्हाला आत्ता सुचतंय?"

"खोटं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या. "माझं एकही चुकलेलं नाही. हिला ते बघवत नाही."

"टॅबलेट बंद करून चालू करा, चित्रं उलटसुलट दाखवा."

"चालूच होत नाहीये."

"मग त्यांना बोलतं ठेवा. काहीही बोला. त्या फार वेळ जाग्या राहणार नाहीत, आणि मी असा हात वर धरून बसू शकत नाही."

काहीही म्हणजे काय? मी आमचं नेहमीचं भांडण काढलं. म्हटलं, आई, मी नोकरी सोडली नाही म्हणून तुम्हाला राग आहे ना? झालं. राग कसला, आमच्या वेळी घर सांभाळून नोकरी व्हायची, आता नोकरी सांभाळून घर, तेही जमलं तर, आणि माझा मुलगा किती वाळला बघ. डॉक्टर "आता" म्हणत होते आणि पट्टा अखंड चालू होता. पुढचं प्रत्येक वाक्य मला येत होतं. स्वल्पविराम कुठे येणार, तेही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हीसुद्धा घोकंपट्टीच होती. इतकी वर्षं आम्ही दोघी एकच धडा एकमेकींना म्हणून दाखवत होतो.

त्यांनी कधी न ऐकलेलं काहीतरी हवं होतं. ज्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नसेल, असं. आणि तसं माझ्याकडे एकच होतं.

"आई, आम्ही वेगळं राहायला जातोय," मी म्हणाले. "घर बघून झालंय. पुढच्या महिन्यात."

सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि तुमचा मुलगा."

"तो मला बोलला नाही."

"त्याची हिंमत झाली नाही. गाठ कळायच्या आधीपासून तो रोज उद्यावर ढकलतोय."

खरं सांगते, बोलताना मला बरं वाटलं. त्यांची कवटी उघडी होती, आणि मला बरं वाटलं.

"आता," डॉक्टर म्हणाले.

"मग जा," सासूबाई म्हणाल्या. आवाज सुरीसारखा. "खुशाल जा. जाताना माझ्या घराची ती... ती ठेवून जा. ती... कुलपाला... फिरवतो, ती..."

ओठ हलत राहिले. शब्द येईना. त्यांनी डोळे मोठे केले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागल्या, जणू तो शब्द माझ्याकडे होता आणि मी तो दाबून धरला होता. ही बाई मी चिडलेली पाहिली होती, हटून बसलेली पाहिली होती. घाबरलेली कधीच नाही.

"शब्द गेला," मी म्हणाले.

डॉक्टरांनी सळई उचलली.

"किल्ली," सासूबाईंनी श्वास सोडला. "किल्ली ठेवून जा."

पुन्हा टेकवली, पुन्हा शब्द गेला. तिसऱ्यांदाही तेच. मग डॉक्टर म्हणाले, "मी इथूनच आत जाणार होतो." त्यांनी तिथं खूण केली आणि आजूबाजूचं जपून काढलं. तेवढ्या जागेतली गाठ आत ठेवली. राहिलेली पुन्हा वाढणार, कधी ते सांगता येत नाही, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. माझ्याकडे न बघता.

व्हरांड्यात नवरा माझ्यावर धावूनच आला. "तिचं डोकं उघडं असताना तू तिला ते सांगितलंस?"

"घरी माझ्या बॅगेत असलेले चित्रांचे छापील कागद तिला कोणी दिले?"

तो म्हणाला, "आईला सराव हवा होता. तिला एकही चुकवायचं नव्हतं."

"तुझ्या आईच्या पहिल्या नंबरापायी ती आज मुकी झाली असती. आणि जे तू सांगायचं ते मला सांगावं लागलं. आता माझ्यावर डोळे वटारू नकोस."

त्यानंतर तोही माझ्याशी बोलेना. सासूबाई तर नाहीच. म्हणजे रोजच्या तपासणीत मी विचारेन त्याचं उत्तर द्यायच्या, तेवढंच. पेन. चमचा. घड्याळ. बाकी वॉर्डात मात्र त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. चादरीचे कोपरे नीट दुमडले नाहीत, म्हणून तिथल्या सिस्टरला त्यांनी रडवलं.

एके सकाळी नर्सिंग शाळेच्या नव्या बाई विद्यार्थिनींना घेऊन राउंडला आल्या. मी सासूबाईंच्या खाटेशी होते, नवरा पायथ्याशी उभा होता. नव्या बाईंनी आदरानं म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा ना मुलींना काहीतरी."

सासूबाई उशीला टेकून ताठ बसल्या. डोक्याला पट्टी, खाली तोच जुना करारी चेहरा.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन चालू असताना पेशंटला बोलतं ठेवायचं होतं. चित्रं बंद पडली. तेव्हा या बाईंनी मला एक थाप मारली. आम्ही तुम्हाला सोडून चाललो, वेगळं घर घेतलं, असं सांगितलं. इतकी बेमालूम की मला खरी वाटली. त्या थापेनं माझी वाचा वाचली. पेशंटची सेवा करताना कधी कधी खोटंही बोलावं लागतं, आणि ते यांच्यासारखं बोलावं."

मुली लिहू लागल्या. सासूबाईंनी मला आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही चारचौघांत, आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटला. कारण पुढे काय येणार, ते मला दिसत होतं.

"थापच होती ना ती?" त्यांनी विचारलं.

नवरा फरशीकडे बघत होता. सगळ्या मुली माझ्याकडे. घराचा करार झालेला होता. पडदेसुद्धा मी पसंत केले होते. तीन खोल्या, आणि त्यातल्या एकीतही यांचा आवाज पोचणार नव्हता. आणि या बाईच्या डोक्यात राहिलेली गाठ मी बोलले म्हणून राहिली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. घर खरं आहे हे ठाऊक होतं, आणि मी काय बोलेन, हेसुद्धा. फक्त त्यांचा हात चादरीची कड मुठीत धरून होता. मला दया आली, आणि ती आली म्हणून मला स्वतःची चीड आली.

"थापच होती," मी म्हणाले.

नवऱ्यानं मान वर केली. नव्या बाई मुलींना पुढच्या खाटेकडे घेऊन गेल्या. सासूबाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकले.

"मी आहे तोवर थापच राहू दे," त्या म्हणाल्या. "नंतर खुशाल जा."