होयट ब्रॅनमची मर्जी

होयट ब्रॅनमने नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीशी भांडून जे मिळवलं, ते तोवर त्या गावात फार थोड्या गायकांच्या नशिबी आलं होतं. गाणी तो निवडणार, स्टुडिओ तो निवडणार, आणि मुख्य म्हणजे वाजवणारी माणसं त्याची असणार. इतकी वर्षं रीत अशी होती की गावोगावच्या नाचघरांत साथ करायची होयटच्या माणसांनी, आणि रेकॉर्डची वेळ आली की आत जायचं कंपनीच्या पगारी वादकांनी. होयटची माणसं तेव्हा बाहेर बसमध्ये पत्ते कुटत बसत. आत फेल्प्ससाहेब, म्हणजे रेकॉर्डची सगळी सूत्रं हातात असलेला कंपनीचा माणूस, प्रत्येक गाण्यावर व्हायोलिनं ओतत, तिकडे न्याहारीच्या बिस्किटांवर दाट ग्रेव्ही ओततात तशी.

होयटने दाढी वाढवली, वकील लावला आणि रेकॉर्ड करायचंच बंद केलं. शेवटी कंपनीने हात टेकले. वर त्याने हट्टाने एक कलम घालून घेतलं, की स्टुडिओत कंपनीच्या कुठल्याही माणसाने गाण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नव्या रेकॉर्डचं नावही ठरलं: ‘कुणाच्या बापाचं ऐकणार नाही’.

सगळ्यात जास्त आनंद झाला ओडेल प्रुइटला. ओडेल त्याचा ड्रमवाला, टेक्सासमधला त्याच्याच गावचा. होयटचा संसार मोडला तेव्हा त्याला आपल्या घरी नेऊन ठेवणारा, आणि फेल्प्सला शिव्या घालण्यात तर होयटच्याही पुढे. पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बायकोला त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, की आता रेकॉर्डवर आपलं नाव छापून येणार.

पहिलं गाणं झालं. होयट काचेपलीकडे टेप ऐकायला बसला. ओडेल पळत होता. दर कडव्याला ठेका थोडा पुढे सरकत होता, आणि शेवटी तर गाणं उताराला लागलेल्या ट्रकसारखं सुटलं होतं. नाचघरात लोक बिअर पिऊन नाचत, होयटही मागोमाग धावत गाई, कुणाला पत्ता लागत नसे. टेप काही प्यायलेली नव्हती.

टेप चालवणाऱ्या, कंपनीच्या पगारावरच्या वॉरेनला त्याने विचारलं, कसं वाटलं?

"मला मत नाही," वॉरेन म्हणाला. "करारात तसं आहे."

"अरे, आता मीच विचारतोय ना."

"तुम्ही विचारलंत तर बोलावं, असं नाही लिहिलेलं त्यात. मी वाचलाय."

पुढे गाणं पुन्हा पुन्हा केलं. प्रत्येक वेळी ओडेल घाम पुसत विचारी, की आणखी जोरात मारू का? त्याच्या तोंडावरचं समाधान बघून होयटची जीभ रेटेना. शेवटी बंडखोर होयट ब्रॅनम आपल्या पायांनी फेल्प्सच्या कचेरीत गेला. आडवळणाने बोलत त्याने सुचवलं, की कंपनीने तिचा पगारी ड्रमवाला घ्यायची आपल्यावर सक्ती करावी. आपण थोडा आरडाओरडा करू, मग नाइलाजाने मान तुकवू.

फेल्प्सने त्याला कॉफी दिली. "होयट, दुकानादुकानांत पाट्या गेल्यात. ‘ह्याला कुणी अडवू शकलं नाही.’ आणि आता मी अडवू?"

"एकच माणूस, साहेब. पूर्वी तर तुम्ही विचारतही नव्हता."

"पूर्वी तू शिव्या द्यायचास, मी खायचो. त्याचाच मला पगार होता. आता मालक तू आहेस बाबा."

ओडेल कोपऱ्यावरच्या खानावळीत डुकराच्या बरगड्या खात बसला होता. होयट समोर बसला आणि खोटं बोलला. फेल्प्स अडून बसलाय म्हणाला, दुसरा ड्रमवाला घे नाहीतर रेकॉर्ड बंद. ओडेलने हात पुसले. तो होयटवर चिडला नाही, हेच वाईट झालं.

"एवढं भांडलास, तर अजून एकदा भांड की. माझ्यासाठी," तो म्हणाला. "थांब, मीच बोलतो त्या हरामखोराशी."

तो भिंतीवरच्या फोनकडे गेला आणि नाणं टाकून नंबर फिरवू लागला. फेल्प्स खरं तेच सांगणार, आणि मोठ्या आनंदाने सांगणार, हे होयटला कळत होतं. त्याने उठून फोनचा खटका दाबून धरला.

"फेल्प्स काही म्हणाला नाही, ओडेल. तू पळतोस. मलाच नकोयस तू."

ओडेल रिसीव्हर हातात धरून उभा राहिला.

"कधीपासून पळतोय?"

"टेपवरून वाटतं, पहिल्यापासून."

"म्हणजे फेल्प्स मला बाहेर बसवायचा, ते बरोबरच होतं तर."

 होयटला लाज वाटली, आणि लाज वाटूनही निर्णय बदलावासा वाटला नाही, ह्याची जास्त वाटली. ओडेल ताटलीचे पैसे ठेवून बाहेर पडला, आणि संध्याकाळच्या गाडीने टेक्सासला गेला.

रेकॉर्ड कंपनीच्या ड्रमवाल्याला घेऊन पुरी झाली आणि तुफान खपली. तिने नॅशव्हिलच्या गाण्याचं वळणच बदललं असं लोक म्हणू लागले. एका वर्तमानपत्राने लिहिलं, की ह्या रेकॉर्डमध्ये गायकाच्या मर्जीशिवाय एक ठोकासुद्धा पडलेला नाही. होयटने ते दोनदा वाचलं. त्याला त्यात एकही चूक काढता आली नाही.