सामाईक डब्यातली गोळी

आमच्या बँडमध्ये माझं-तुझं नाही. पत्र्याचा एक सामाईक डबा आहे. गिटारच्या तारा, ट्रम्पेटचं तेल, चिकटपट्ट्या, माझ्या ड्रमच्या जास्तीच्या काठ्या, सगळं त्यात. कुणाचं काही अडलं की डबा उघडायचा आणि हवं ते उचलायचं, विचारायचंसुद्धा नाही. हा नियम काकांचा. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे ट्रम्पेटवाले आणि म्होरके. त्याच डब्यात त्यांनी आपल्या उरलेल्या गोळ्या टाकल्या, आणि आमच्यातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही!

बँडस्पर्धेच्या फायनलची दुपार होती. फायनल! आम्ही! ज्यांची प्रॅक्टिस सुरू झाली की शेजारी धाडधाड खिडक्या लावून घेतात, ते आम्ही! हॉलच्या मागच्या खोलीत नंबरची वाट बघत बसलो होतो, आणि मला कुठला दम धरवतोय? खुर्ची वाजव, टेबल वाजव, बेसवाल्याची पाठ वाजव.

"अगं बाई, फायनल ड्रमची आहे, माझ्या पाठीची नाही!" बेसवाला ओरडला.

आमची गायिका म्हणजे माझी धाकटी बहीण. सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिला नेमकी त्याच सकाळी सर्दी झालेली. नाक लालबुंद, आवाज जड.

"काका, वरची पट्टी लागेल ना हो माझी?"

"न लागायला काय झालं?" काकांनी डबा उघडला. "मागच्या आठवड्यात माझा घसा कसला धरला होता! डॉक्टरांनी या गोळ्या दिल्या. थोड्या खाल्ल्या नि खडखडीत बरा झालो. खोकला गेला, मग सुंठ कशाला चघळत बसायची? उरलेल्या ठेवून दिल्या. घे एक."

तिनं घेतली. दुसऱ्याची तार घ्यावी तितक्या सहज.

थोड्या वेळानं ती तळहात खाजवायला लागली. "उजवा खाजतोय की डावा?" मी खिदळले. "बक्षिसाचे पैसे येतायत बघ!" मग ती मान खाजवायला लागली. मानेवर टरारून गांधी उठल्या होत्या. ओठ सुजले. आणि तिनं माझा दंड असा आवळला, की मी हसायचं विसरले.

"ताई, श्वास... श्वास घेता येत नाहीये."

हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे. बेसवाल्यानं व्हॅन काढली, मी धाकटीला मागे धरून बसले. पहिल्याच वळणावर गाड्यांची ही रांग! हॉर्न कोण ऐकतो? सगळेच वाजवत होते. तेव्हा काकांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, ट्रम्पेट तोंडाला लावला आणि असा काही फुंकला, असा फुंकला, की लोक दचकून बाजूला झाले! रस्ता मोकळा झाला. माझ्या मांडीवर धाकटीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तिला शिव्या घालत होते, "मरशील तर याद राख!"

दारातच नर्सनं विचारलं, "काय खाल्लंय?" काकांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी एका नजरेत ओळखलं. धाकटीच्या मांडीत इंजेक्शन गेलं, नाकातोंडावर मास्क आला. आम्ही भिंतीला चिकटून उभे. हळूहळू शिट्टी बारीक झाली, मग थांबली, आणि धाकटीनं छाती भरून श्वास घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

मी आईला फोन लावला. "अगं, ती तान्ही असताना एका औषधानं तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या!" आई रडत म्हणाली. "पण मला विचारलं कुणी?"

डॉक्टरीणबाई काकांकडे वळल्या. "गोळ्या देताना तुम्हाला ॲलर्जीबद्दल विचारलं होतं ना?"

"हो. मी नाही म्हणालो."

"ते उत्तर तुमचं होतं, हिचं नव्हे. त्यातून ही गोळी बॅक्टेरियावरची. सर्दी होते विषाणूंमुळे, तिथे हिचा काडीचा उपयोग नाही." त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. "ताप आहे तुम्हाला! आ करा. घसा पुन्हा पिकलाय. गोळ्या पूर्ण का नाही केल्या?"

"बरं वाटलं म्हणून..."

"पहिल्या कडव्याला टाळ्या पडल्या की तुम्ही स्टेजवरून उतरता का?"

ताप अंगात घेऊन काका ट्रम्पेट फुंकत आले होते. मला त्यांचा संतापही येत होता आणि त्यांना मिठीही मारावीशी वाटत होती.

फायनल गेली. जाऊ दे, चुलीत गेली! पण धाकटीचा आवाजही बसला. सर्दी आणि वर ती सूज. "बोलू नका, येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. येईना. दिवस जात होते आणि ती खुसफुसत होती. तिला ऐकू जाणार नाही असं बघून मी बाथरूममध्ये रडायचे. गाणं गेलं तर ही पोरगी जगणार कशावर?

काकांना तपासून नव्या गोळ्या दिल्या होत्या. प्रॅक्टिसच्या वेळी धाकटी पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायची, गिळेपर्यंत हलायची नाही. मी ड्रमवर सर्कशीसारखी थाप धरायचे.

त्या दिवशीही तसंच. काकांनी पाकिटातून गोळी काढली, मी थाप धरली, आणि मागून बेसवाला सटासट शिंकला.

"काका, एखादी इकडेही सरकवा ना," तो नाक पुसत म्हणाला.

"खबरदार!"

माझ्या काठ्या हवेतच राहिल्या. काचा थरथरल्या. शेजारच्यांनी धाडकन खिडकी लावली. धाकटी स्वतःच्याच घशाला हात लावून उभी होती, डोळे हे एवढाले!

"लागली," काका कापऱ्या आवाजात म्हणाले. "वरची पट्टी लागली पोरी तुझी." आणि तिच्या हातातला पेला घेऊन त्यांनी आपली गोळी गिळली.